गोविंद स्वतःहून आत गेला

३ एप्रिल १९७८

शंकर गेला. कळमेश्वरला, मुलाकडे. मुलगा तिकडच्या कारखान्यात लागला, दोन खोल्या मिळाल्या, म्हातारा-म्हातारीला घेऊन चालला. सकाळी आठला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी. पलंग, कोठी, भांड्यांचं पोतं, तुळशीची कुंडी. माग नेला नाही. त्याची लाकडं शेजाऱ्यांना चुलीसाठी वाटून टाकली. मी म्हटलं, निदान एक धोटा तरी ठेव आठवणीला. म्हणे, "तिथं दुसऱ्या माळ्यावर धोटा ठेवून करू काय गा?"

जाताना पथकाचा लोखंडी टोप हातात दिला. "आता तूच सांभाळ." मग समोर, शेवंतावहिनीच्या दाराकडे, एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तिकडचं जसं हाये तसंच राहू दे."

टेम्पो वळेपर्यंत उभा होतो.

पासष्टच्या लढाईच्या वर्षी मोहल्ल्यात आगीचं पथक निघालं तेव्हा आम्ही अकरा होतो. काही वारले, काही पोटामागे गेले. आजपासून एकटा मी.

८ एप्रिल, शनिवार

कवायतीचा दिवस. सवयीनं पंप काढला. बादलीत उभा करायचा हा पंप एकट्याच्या कामाचा नाही. एकानं पाय रोवून दांडा मारायचा, दुसऱ्यानं नळी धरायची, तिसऱ्यानं बादल्या आणायच्या. नळीचं तोंड खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं आणि दांडा मारत बसलो. पाणी समोरच्या भिंतीवर.

शेवंतावहिनी दारात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. चरखा न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, भितीले काहून आंघोळ घालून राहिले?"

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

पितळ चिंचेनं घासलं. वर्षानुवर्षं घासूनही खालच्या बाजूचा काळा डाग जात नाही.

११ एप्रिल

दुपारी मागावर होतो. दारात खाकी कपड्यातला माणूस. भोयर साहेब, चौकात नवा बंबखाना होतो आहे तिथले अधिकारी. पस्तिशीचे असतील. चपला बाहेर काढून आत आले, मागाच्या खड्ड्याजवळ खालीच बसले. चांगला माणूस.

जूनमध्ये उद्घाटन. दोन बंब येणार. ते म्हणाले, "निमजे, आम्ही यायच्या आधी हा मोहल्ला तुम्ही सांभाळला. तुमच्या पथकाचा इतिहास आणि कार्य एका पानावर लिहून द्या. चौकटीत घालून भिंतीला लावू. नवीन पोरांना कळलं पाहिजे." पंपही मागितला, बंबखान्यात ठेवायला. हो म्हटलं.

मग विचारलं, "तुमच्यापैकी कोणी कामी आलं होतं ना?"

"एक. गोविंद नंदनवार."

"कसं झालं?"

आणि तोंडानं आपोआप तेच वाक्य काढलं, बारा वर्षं काढतं आहे ते. "गोविंद स्वतःहून आत गेला."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. "वा. हे पानावर आलंच पाहिजे."

वहिनींचा चरखा समोर चालू होता. त्यांना ऐकू गेलं असणार.

१४ एप्रिल

पान लिहायला घेतलं. सुरुवात भराभर उतरली. इथं नकलून ठेवतो.

"आमच्या मोहल्ल्यात घरोघरी माग. घरात सूत, माळ्यावर सूत, अंगणात रंगाच्या चुली. गल्ली इतकी अरुंद की मोठा बंब शिरत नाही, आणि तो लांबून येईपर्यंत घर राहत नाही. म्हणून लढाईच्या वर्षी सरकारनं पंप दिला तेव्हा आम्ही विणकरांनी पथक काढलं. शाळेच्या मैदानात महिनाभर शिकलो. आमचं काम एकच: मोठा बंब येईपर्यंत आग धरून ठेवणे. दर शनिवारी कवायत. होळी-दिवाळीला घरोघरी फिरून बादल्या भरलेल्या आहेत की नाही पाहणे. स्टोव्ह भडकला तर पाणी न ओतता ओलं पोतं टाकायचं, हे बायामाणसांना शिकवणे."

हे शेवटचं काम गोविंदचं होतं. बायकांशी त्याला बरं बोलता येई. पोतं हातात घेऊन अशी नक्कल करे की बाया पदर तोंडाला लावून हसत.

इथं थांबलो. पुढं सुताचं गोदाम लिहायचं आहे.

भाकरी एक केली. दुसरी करायची म्हणून पीठ मळलं, मग नको वाटलं. गायीला दिलं.

१७ एप्रिल

पान जागच्या जागी.

आज कांड्यांची टोपली द्यायला वहिनी आल्या. माझ्या बाण्याच्या, आडव्या सुताच्या कांड्या त्याच भरतात. विचारलं, "साहेब काय म्हणत होते?" सांगितलं. गोविंदचं नाव भिंतीवर लागणार म्हटलं.

"लावू द्या. भितीले काय लागते. घरात होता तोवर घर पाह्यलं नाही, आता भितीवर बसन." टोपली आदळली. "दुसऱ्याच्या सुतासाठी मेला. बायको नाही आठवली, सा वर्साची पोरगी नाही आठवली. सूत आठवलं!"

बारा वर्षं हेच बोलतात. मुलगी मौद्याला दिली, तिच्या लग्नातही बोलल्या. घरात गोविंदचा फोटो नाही. होता तो पेटीत तळाशी टाकला म्हणे.

मी दर उन्हाळ्यात पावसाआधी त्यांच्या छपरावरचे कवेलू, मातीची कौलं, फेरून देतो. पाण्याचा पिंप भरून देतो. लोक म्हणतात, दौलत निमजे देवमाणूस. कोणी वेगळंही म्हणत असतील. माझी बायको रुक्मा होती तेव्हा तीही म्हणाली होती, "तुमी तिच्या घरचं एवढं काहून करता?" तिला दोस्ताची बायको म्हणून सांगितलं. खरं तिलाही सांगितलं नाही. ती जाऊन चार वर्षं झाली.

२० एप्रिल

हे साहेबांसाठी नाही. माझ्यासाठी. एकदा कागदावर येऊ दे.

बारा वर्षांमागचा मे महिना, दुपारचे दोन असतील. गल्लीच्या टोकाचं सुताचं गोदाम. शेजारच्या अंगणात रंगाची चूल होती, ठिणगी उडाली. आम्ही सहा जण होतो. पंप दारातून आत नेला, चार-पाच हात. शंकर नळीवर, मी दांड्यावर, गोविंद बादल्यांवर. गोदामातला हमाल आधीच बाहेर आला होता. आत माणूस नव्हता. हे आम्हाला माहीत होतं. सुताच्या गाठोड्यांचा धूर डोळ्यांत मिरची टाकल्यासारखा. वरचे पत्रे तडतडायला लागले तसं मीच ओरडलो, बाहेर व्हा. सगळे बाहेर.

पंप आत राहिला.

तो पंप मी सही करून घेतला होता. शाळेच्या मैदानात, सगळ्या मोहल्ल्यासमोर, हार घालून. गावभर लोक म्हणत, दौलतचा पंप. पहिल्याच मोठ्या आगीत पंप जाळून बसलो असं लोक म्हणतील, हे डोक्यात आलं. दुसरं काही आलं नाही. गोविंद माझ्या बाजूला उभा, हातात रिकामी बादली. मी म्हटलं, "जा, पंप घेऊन ये."

गोविंद गेला. आढं पडलं.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, त्याला आत कोणी पाठवला? मी म्हटलं, स्वतःहून गेला. शंकरनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलवली. झालं. पंचनाम्यात तेच. मोहल्ल्यात तेच. सूत काढायला गेला असेल, हे लोकांनी जोडलं. मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी राखेतून पंप निघाला. पत्रा आडवा पडला होता त्याच्याखाली. नळी जळली, पण दांडा चालत होता. नवीन नळी लावली.

हाच पंप.

२३ एप्रिल, रविवार

कळमेश्वरला जाऊन आलो. एसटीत उभा. शंकरची खोली चांगली आहे, घरातच नळ. त्याची बायको म्हणाली, इथं शेजारीण बोलत नाही, आपलंच दार लावून बसा.

शंकरला खाली नेलं. कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो. म्हटलं, मी वहिनीला सांगणार आहे.

"काहून?"

"पान लिहायचं आहे. हात चालत नाही."

"लिहू नको मंग. साहेबाले सांग, डोळ्यानं दिसत नाही."

"शंकर, ती त्याले शिव्या देऊन राहिली गा. बारा वर्षं."

"देऊ दे. मेलेल्या माणसाले लागते का? तू सांगशील तं जिती माणसं दोन मरतीन. वयनी अन् तू." मग म्हणाला, "मी नळीवर होतो. धूर होता. मले काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. कोणी विचारलं तं मी असंच सांगीन."

"मी कुठं तुझं नाव घेऊन राहिलो?"

"माझी सून इथली हाये. पोराची नोकरी नवीन." बस इतकंच.

चहा पाजला. बसपर्यंत सोडायला आला. बस सुटताना हात वर केला नाही.

त्याचा राग येत नाही. आला असता तर बरं होतं.

२९ एप्रिल

कुसुमचं कार्ड उमरेडहून. "बाबा, एकटे राहू नका. जून लागला की या. तुमच्या जावयांनी मागची खोली साफ केली आहे." जावई भला माणूस. तिथं माग नाही, पण बसायला ओटा आहे.

आज दिवसभरात कोणाशी बोललो ते आठवून पाहिलं. दूधवाला. तेवढाच. आज कांड्याही वहिनी दारात ठेवून गेल्या, मी नळावर होतो.

३ मे

ऊन मरणाचं. मागावर बसवत नाही. चौकात बंबखान्याची भिंत उभी झाली, लाल दारं बसली. बघून आलो. भोयर साहेबांनी हाक मारून पाणी दिलं. "पान कुठवर आलं?" म्हटलं, येतं आहे.

९ मे

आज आग लागली. म्हणजे लागता लागता राहिली.

सकाळी दहा वाजता आरडाओरडा. वहिनींच्या शेजारच्या घरात नवीन भाडेकरू आहेत, नवरा-बायको. बाईचा स्टोव्ह भडकला. मी पंप घेऊन धावलो. एका हातात पंप, एका हातात बादली, म्हातारपणी तोल जातो. पोचलो तर आग विझलेली. शेवंतावहिनी चुलीपुढे उकिडव्या, ओलं पोतं स्टोव्हवर, त्यावर दोन्ही हात दाबून. ती बाई कोपऱ्यात उभी. तिच्या हातात पाण्यानं भरलेला गंज, घरातलं मोठं पातेलं. ओतला असता तर घर गेलं असतं.

वहिनी मला म्हणाल्या, "आला का तुमचा बंब? झालं आमचं." मग त्या बाईकडे वळून, "पाणी नाही टाकायचं वं, रॉकेल पसरते. पोतं. अन् डोळे मिटून नाही, पाहून टाकायचं." हात पदराला पुसले. आणि पुढं म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "त्यानंच शिकवलं होतं मले. शिकवताना किती हसवे."

बारा वर्षांत गोविंदविषयी पहिला बरा शब्द.

मी पंप तिथंच ठेवून घरी आलो. मग परत जाऊन आणावा लागला.

११ मे

सांगितलं.

चार वाजता गेलो. त्या चरख्यावर. मी उंबऱ्याबाहेरच बसलो. आत या म्हणाल्या, नाही गेलो. उन्हाची झळ पाठीला.

"वयनी, गोविंद स्वतःहून नव्हता गेला."

चरखा चालूच. "मंग?"

"मी पाठवला. पंप आत राहिला होता. मी म्हटलं, जा, घेऊन ये."

चरखा थांबला. सूत बोटात तसंच.

"पंपासाठी?"

"हो."

"आत कोणी होतं का?"

"नाही."

"सूत काढाले नाही गेला तो."

"नाही वयनी. सुताचा विषयच नव्हता."

गल्लीतून बर्फवाला गेला. त्यांनी सुताचा तो धागा तोडला, कांडी टोपलीत ठेवली. आवाज चढवला नाही.

"बारा वर्सं मी त्या माणसाले बोलून राहिली. सकाळ, संध्याकाळ. पोरगी बापाचं नाव काढे तं मी म्हणो, तुह्या बापाले सूत प्यारं होतं, तू नाही. तिनं विचारणं सोडून देल्लं. आता ते सगळं बोलणं मी कोठं नेऊ, भाऊजी? कोणाले परत मागू?"

पाया पडावं असं मनात आलं, पण तेही माझ्याच सोयीचं झालं असतं.

"तुमी माझे कवेलू फेरले," त्या म्हणाल्या. "पाणी भरलं. मी देवापुढं तुमचं नाव घेत होती."

मग म्हणाल्या, "जा तुमी."

आलो.

१२ मे

समोरचं दार बंद. चरख्याचा आवाज नाही.

१३ मे, शनिवार

पंप काढला नाही. इतक्या वर्षांत पहिला शनिवार.

१५ मे

वहिनी मौद्याला गेल्या, मुलीकडे. भाडेकरीण बाईनं सांगितलं. किल्ली तिच्याकडे ठेवली. एरवी माझ्याकडे असते.

१९ मे

पान पूर्ण केलं. जसं झालं तसं लिहिलं. "पथकप्रमुख दौलत निमजे यांनी पंप आणण्यास सांगितल्यावरून गोविंद नंदनवार आत गेला. आत कोणीही माणूस नव्हता." खाली सही. अक्षर चांगलं आलं आहे, नवल वाटतं.

शंकरचं नाव त्या ओळीत कुठं नाही.

२२ मे

साहेबांना दिलं. उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून परत वाचलं. चष्मा काढला.

"निमजे, हे कशाला लिहिलंत?"

"तुम्ही इतिहास मागितला, साहेब."

"भिंतीला लावायचा मागितला होता." मग मवाळ झाले. "मीही माणसं आत पाठवतो. वीस वर्षांच्या पोरांना. कधी बरोबर, कधी..." खिडकीतून नव्या बंबाकडे बघत राहिले. "बाईंना माहीत आहे?"

"सांगितलं."

"मग त्यांना हे दाखवा. त्या म्हणतील तसं लावू."

घडी घालून परत दिलं. त्यांनी मला रागवावं अशी इच्छा होती की काय कोण जाणे. रिकाम्यासारखा परत आलो.

२७ मे

वहिनी परत आल्या. माझ्या दारावरून गेल्या, पिशवी डाव्या हातात, नजर समोर. पाय घराकडे पण चाल वेगळी. वाकल्यासारख्या.

कांड्यांची टोपली माझ्याकडे रिकामी पडून आहे. स्वतः भरायला बसलो. सूत सारखं तुटतं. याला बाईचाच हात लागतो की माझाच हात गेला, कळत नाही. अर्धं लुगडं मागावर तसंच ताणलेलं.

३० मे

त्यांच्या छपरावर माणूस. कोणी मजूर लावला आहे कवेलू फेरायला. त्याला रांग जमत नाही, कोन्याजवळ फट ठेवतो आहे. खालून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

संध्याकाळी पान त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो, वर दगड. चौथी शिकलेल्या आहेत, वाचता येतं. "साहेब म्हणतात तुम्ही म्हणाल तसं" इतकं वर लिहिलं.

२ जून

भाडेकरीण बाई पान घेऊन आली. म्हणाली, मावशींनी दिलं. काही निरोप? "म्हणाल्या, वाचलं म्हणून सांग."

फक्त वाचलं. हो नाही, नको नाही. कागदाच्या कडेला देवपूजेच्या कुंकवाचं बोट लागलेलं. वाचताना लागलं असेल.

साहेबांना तेच सांगितलं. ते म्हणाले, बघतो काहीतरी.

१० जून

आज उद्घाटन झालं. मंडप, लाऊडस्पीकर, पाहुणे उशिरा. सगळा मोहल्ला चौकात. नव्या बंबाची घंटा वाजवली तेव्हा पोरासोरांनी टाळ्या पिटल्या. पाण्याचा फवारा तीन माळ्यांच्या वर. आमच्या पंपाचा खिडकीच्याही वर जात नव्हता.

पंप काचेच्या कपाटात. डागाची बाजू मागे जाईल असा ठेवला आहे. खाली पाटी: "मोहल्ल्याच्या पथकाचा पंप."

भिंतीला चौकट. पानातला पहिला भाग जसाच्या तसा: गल्ली, सूत, आग धरून ठेवणे, ओलं पोतं. मग अकरा नावं. गोविंदच्या नावापुढं, "कामगिरीवर मृत्यू." कसा, का, कोणाच्या सांगण्यावरून, काही नाही. माझं जुनं वाक्यही नाही, नवंही नाही.

साहेब कानाशी म्हणाले, "यात खोटं काही नाही ना?"

नाही म्हटलं. खरंच नाही.

मला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला. समोर माणसं बघत होतो. वहिनी नव्हत्या. शंकरही नाही. नारळ घेऊन खाली उतरलो तर कोणी ओळखीचं बाजूला नव्हतं, तो कुठं ठेवावा कळेना. बंबखान्याच्या देवळीत ठेवून आलो.

१२ जून

कुसुमला कार्ड टाकलं. महिनाअखेर येतो. माग घ्यायला कोणी मिळतो का पाहतो आहे. कोणी मिळणार नाही.

इथं राहून आता काम काय? आग लागली तर चौकातून दोन मिनिटांत माणसं येतील, लांब नळी घेऊन गल्लीत शिरतील. चांगलंच झालं. तेरा वर्षं आम्ही तेच मागत होतो.

१५ जून

वहिनींच्या घरात खिळा ठोकल्याचा आवाज. नंतर दार उघडं होतं तेव्हा रस्त्यावरून दिसलं. समोरच्या भिंतीवर गोविंदचा फोटो. पेटीत राहून पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यात पाणी गेलं आहे. गोविंद तिशीचा. मी छप्पन्नचा.

१८ जून, रविवार

आज वहिनी आल्या.

मी ओट्यावर बसलो होतो. सहा-साडेसहाची वेळ. त्या पायरीवर बसल्या, माझ्याकडे पाठ अर्धी. टोपली आणली नव्हती. पाणी विचारलं, मान हलवली, नको.

"उमरेडले चालले म्हणते."

"हो. महिनाअखेर."

"जायाच्या आधी मले सगळं सांगा. पहिल्यापासून. त्या दिवशी सकाळी तो घरून निघाला तं मी झोपली होती. अंगात ताप होता माझ्या. मले काहीच माहीत नाही त्या दिवसाचं."

मी सांगत गेलो. सकाळी गोविंद माझ्याकडे आला, रुक्मानं चहा दिला, त्यानं दोन कप घेतले. त्याच्या अंगठ्याला धोट्याचं लागलं होतं, चिंधी बांधलेली. लेकीसाठी, शालूसाठी, चौकातून फुगा न्यायचा म्हणत होता. दुपारी हाक आली तेव्हा तो आमच्याच घरी जेवायला बसला होता, भाकरी तशीच टाकून उठला. धावताना माझ्यापुढं होता. त्याचे पाय नेहमीच माझ्यापुढं.

त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा विचारलं, सदरा कोणता होता. निळ्या रेघांचा म्हटलं. "हो. तोच," म्हणाल्या. "बटन लावून देल्लं होतं मी."

धुरापर्यंत आलो. पत्रे तडतडले, मी ओरडलो, सगळे बाहेर. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

"तुमी जा म्हटल्यावर तो काही बोलला का?"

मी म्हटलं, "आठवत नाही, वयनी."

बघत राहिल्या. राग नव्हता. राग असता तर मला नजर चुकवता आली असती. "आठवलं तं सांगा," म्हणाल्या. "तुमी म्हाताऱ्या माणसासारखे विसरणारे नाही. कोणत्या वर्षी कोणाचं काय जळलं, सगळं सांगता." उठल्या, लुगडं झटकलं, समोर गेल्या. दिवा लावला.

आठवतं. शब्द न शब्द आठवतो. शंकर लांब होता; माझं 'जा' त्याला ऐकू गेलं होतं, पण हे पुढचं नसणार. मी एकट्यानंच ऐकलं. गोविंदनं आत पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "राहू दे ना दौलत. पंप दुसरा भेटन."

आणि मी म्हटलं, "भेऊन राहिला का बे?"

तेव्हा तो गेला. बादली खाली ठेवून.

हे पानावर नाही. शंकरला सांगितलं नाही. या वहीतही आजवर आलं नव्हतं. तिला हवं आहे ते एवढंच, आणि ते दिलं तर तिला कळेल की त्याला घरी यायचं होतं. दिलं नाही तर ती मला विचारत राहील, किंवा विचारणं सोडून देईल, पोरीसारखं.

चपला पायात घातल्या. काढल्या. परत घातल्या.

समोरचं दार अजून उघडं आहे. चरखा चालू झालेला नाही. त्या बसलेल्या दिसतात.